चौथाच डबा का?

१

समितीतल्या मानकरी लोकांनो, तुम्ही खोटं लिहिलंत. तीन सह्या ठोकून लिहिलंत, वर गोल शिक्का मारलात, आणि जिच्याबद्दल लिहिलंत तिला एका शब्दाने विचारलं नाहीत. "तपासनिसांनी बारा तारखेला सातही डबे पाहिले. चौथ्यातला ठसा गायब आहे. राखणदार बाईंचं लक्ष नाही. सबब डोंगरावरची वाट त्यांच्याकडून काढून पुढल्या महिन्यापासून नर्सबाईंकडे सोपवण्यात येत आहे." सबब म्हणे. निर्णय तेरा तारखेचा, आणि पत्र शिक्केवालीच्या हातात पडलं एकोणीसला. चांगली बातमी असती तर धावत आला असतात.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरावर सात डबे लपवलेले आहेत. प्रत्येकात रबरावर हाताने कोरलेला एक ठसा आणि एक वही. चालत येणाऱ्याने खुणांच्या कागदावरून डबा हुडकायचा, आतला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपल्या खिशातला शिक्का डब्यातल्या वहीत मारून तारीख घालायची, डबा होता तसा लपवायचा आणि पुढे चालू पडायचं. नाव कोणी लिहीत नाही. शिक्का हेच नाव.

शिक्केवालीने तीस वर्षं कचेऱ्यांचे, दवाखान्यांचे, शाळांचे शिक्के कोरले. मग यंत्र आलं. दहा मिनिटांत हवा तसा शिक्का कापून देतं, चहासुद्धा मागत नाही. आता तिच्या दुकानात शाईच्या बाटल्या विकायच्या आणि माश्या मारायच्या, एवढंच उरलं होतं. तिच्या हाताचं काम जिवंत होतं ते फक्त त्या सात डब्यांत. ती वाट गेली की हात असून नसल्यासारखा.

आणि वाट जाणार कोणाकडे, तर नर्सकडे. दोन वर्षांपूर्वी आली, आणि आली ती थेट सगळ्यांच्या डोक्यावर बसली. तिचा शिक्का म्हणजे एक पान, शिरा अशा बारीक की वाटावं पान दाबूनच शाई काढली. या खेळाच्या मेळाव्यात सगळे तिच्या टेबलाभोवती. शिक्केवालीही गेली होती बघायला. "छान आहे," म्हणाली, पण दात न उघडता. त्या रात्री तिने घरी तसंच पान कोरून पाहिलं. तिसऱ्या शिरेला पातं घसरलं. रबर तिने खिडकीतून फेकून दिलं.

पत्र वाचून ती बहिणीला एवढंच म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा. उद्या मी वर जाते. एकटी."

२

सकाळी सातला ती पायथ्याशी होती. पाठीवर पिशवी, पिशवीत पाणी, सुकी फडकी, भिंग आणि समितीचं पत्र. काठी घेत नाही. वय सत्तावन्न, पण चढताना धाप लागते ती रागाने.

पहिला डबा अर्ध्या तासाच्या चढावर, पुलाखालच्या सैल दगडामागे. झाकण उघडलं, ठसा होता, सुकाच होता. वहीचं शेवटचं पान तपासनिसासाठी राखलेलं असतं. वर्षातून एकदा तो येतो, तिथे आपला शिक्का मारतो, तारीख घालतो. एरवी ते पान कोणी उघडत नाही. तिने उघडलं. दातेरी चाकाचा शिक्का, काळाभोर, खाली बारा तारीख.

"आले होते म्हणायचे घड्याळजी," ती पुटपुटली.

घड्याळजी म्हणजे बाजारातले घड्याळं दुरुस्त करणारे, यंदाचे तपासनीस. हे चाक त्यांनी स्वतः कोरलेलं. शर्टाच्या खिशातून ते दुसऱ्याच्या हातात कधी जात नाही. बावीस वर्षांपूर्वी ही वाट आखताना तिच्याबरोबर तेच होते. समितीत तिची बाजू घेईल असं एक माणूस असेल तर तेच, असं ती धरून चालली होती.

दुसरा डबा वाकड्या झाडाच्या ढोलीत, चालत अर्ध्या तासावर. ठसा जागेवर. शेवटच्या पानावर चाक, जरा फिकं. तिसरा ओढ्याकाठच्या सपाट खडकाखाली. ठसा जागेवर. चाकाचे एका बाजूचे दाते नीट उठलेले नव्हते. चांगल्या हाताचं काम असं कसं, असं तिच्या मनात आलं, पण तिचे पाय चौथ्याकडे ओढ घेत होते.

चौथा पाण्याच्या टाकीजवळ, जुन्या भिंतीच्या कोनाड्यात. इथवर मागच्या अंगाने कच्चा रस्ता येतो, टाकीच्या देखभालीची गाडी येते-जाते. तिने वीट सरकवली, डबा काढला. ठशाचं फडकं होतं, नीट घडी घातलेलं. आत काही नव्हतं.

म्हणजे समिती निदान एवढं तरी खरं बोलली होती. ती तिथेच बसली. हा ठसा तिने घुबडाचा कोरला होता. एक डोळा मिटलेला, एक उघडा. चार दिवस लागले होते त्या एका मिटलेल्या डोळ्याला.

मग तिने वही चाळली. सगळ्यात शेवटी कोण येऊन गेलं होतं? शेवटच्या शिक्क्यावर तिची नजर पडली आणि कानशिलं तापली. बारीक शिरांचं पान. तारीख पंधरा.

३

दुसरं कोणी असतं तर तिथूनच खाली उतरलं असतं आणि त्या पोरीच्या झिंज्या धरल्या असत्या. शिक्केवालीच्याही मनात तेच होतं. पण सात डबे तपासायला निघालेला माणूस चारावर परत फिरत नाही, हा तिचाच नियम, आणि तो मोडला तर समितीचं म्हणणं खरं झालं असतं. चौथ्या वहीचं शेवटचं पान पाहून ती उठली. तिथलं चाक तिसऱ्याहून फिकं होतं.

पाचवा डबा टाकीच्या वरच्या चढावर. ठसा जागेवर. चाक असं पुसट की भिंगाशिवाय दाते मोजता येईनात. सहाव्यासाठी दोन खडकांच्या फटीतून हातापायांनी वर चढावं लागतं. तिथेही सगळं ठीक, आणि चाक पुन्हा काळंभोर. सातवा अगदी माथ्यावर, दगडांच्या ढिगात. चाक सहाव्याहून थोडं फिकं.

सातव्यातला ठसा तिने बाहेर काढून उन्हात धरला. उडणारा बगळा, पंखाचं पीस न् पीस वेगळं. आख्ख्या वाटेवरचं हे सगळ्यात सरस काम. नर्सच मेळाव्यात चारचौघांत म्हणाली होती, "मला यांचा सातवा घरी न्यायला मिळाला तर मी बाकीचं सगळं सोडेन."

हे तोंडाने म्हणणारी बाई चोरी करते आणि उचलते काय, तर चौथा? बगळा सोडून घुबड? सोनाराच्या दुकानात शिरून तराजू पळवावा तसं झालं हे.

विचार डोक्यात आला आणि तिला तो आवडला नाही. चोर नर्सच असायला हवी होती. तसं तिने पत्र वाचतानाच ठरवून टाकलं होतं. पण सहाव्या-सातव्यापर्यंत चढून जाणाऱ्याला बगळा हाताशी असताना घुबड कोण उचलेल? वाटेवर सात डबे. मग चौथाच का?

सातही वह्या तिने पिशवीत भरल्या आणि चार वाजता उतरायला लागली. गुडघे कुरकुरत होते. तिने त्यांना शिवी दिली, ते गप्प बसले.

४

नर्सची पाळी संपायला आली होती. दवाखान्याच्या मागच्या दारी, धुतलेल्या चादरींच्या गाड्यांमध्ये दोघी उभ्या राहिल्या.

"मावशी, तुम्ही? काय झालं?"

"मावशी कोणाला म्हणतेस? तुझ्या आईला बहीण आहे का माझ्या तोंडाची?"

शिक्केवालीने चौथी वही तिच्यापुढे धरली. "पंधरा तारखेला तू चौथ्याशी होतीस. तुझ्यानंतर कोणी नाही. ठसा कुठाय?"

"ठेवला होता मी परत. फडक्यात गुंडाळून. घडी तुमच्यासारखीच घातली, तिरकी, कोपरा आत."

"आणि वाट तुला मिळाली."

"मला पत्र आल्यावर कळलं. कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना नाही म्हणून लिहिलंय, उत्तर आलं नाही." तिने पिशवीतून आपली वही काढली. "हे बघा. माझ्यावर विश्वास नका ठेवू, पण शाईवर ठेवा."

पहिल्याच सात पानांवर शिक्केवालीचे सात ठसे होते, दोन वर्षांपूर्वीचे. पानाला एक, मधोमध, जसं काही देव्हाऱ्यात मांडावं. आणि अलीकडच्या पानावर पुन्हा एकदा घुबड, खाली तारीख पंधरा. मिटलेल्या डोळ्याची कड थोडी झिजलेली, जशी यंदा झिजली होती.

"दुसऱ्यांदा कशाला घेतलंस?"

"तो डोळा कसा कोरलाय ते कळत नव्हतं. अजून नाही कळलं. मी किती वेळा प्रयत्न केला, जमत नाही." नर्सने मान खाली घातली. "खरं सांगू का, फार राग येतो तुमचा."

शिक्केवालीला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं जरा सरकलं. ही पोरही जळत होती तर. मत्सर काही त्याने गेला नाही, फक्त त्याला जोडीदार मिळाला.

मग तिचं लक्ष पुन्हा तारखेकडे गेलं आणि हातातली वही बंद करायची राहून गेली. घुबड पंधरा तारखेला डब्यात होतं. समितीच्या कागदावर ते बारालाच गायब होतं. चोरी व्हायच्या निदान तीन दिवस आधी चोरीचा अहवाल तयार होता.

५

घरी धाकटी बहीण जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन बसली होती. ती कपडे धुण्याचं दुकान चालवते, दुकानाची गाडीही स्वतःच हाकते. रोज संध्याकाळी उद्याच्या चिठ्ठ्यांवर दुकानाचा शिक्का मारते.

"आलीस? सापडला चोर? की डोंगरालाच घेऊन आलीस पिशवीतून?"

"गप बस."

"आईच्या आजारपणात मी उशाशी, तू डोंगरावर. आता म्हातारपणी पण तू डोंगरावर, मी चिठ्ठ्यांवर. नशीब असावं तर तुझ्यासारखं, ताई."

हे ती पंधरा वर्षं म्हणत आली होती. शिक्केवाली बहिणीच्या हाताकडे बघत होती. शिक्का शाईच्या गादीवर एकदा दाबला, मग धपाधप पाच चिठ्ठ्या. पहिली काळी, दुसरी जरा फिकी, पाचवी पुसट. पुन्हा गादी, पुन्हा काळी.

"दर वेळी शाई का लावत नाहीस?"

"एका शाईत पाच निघतात. मला काय तुझ्यासारखी कला करायचीय?"

शिक्केवालीने सात वह्या काढून एका रांगेत उघड्या ठेवल्या, शेवटची पानं वर करून. काळं, फिकं, अजून फिकं, त्याहून फिकं, पुसट. मग काळं, जरा फिकं. बहीण वाकून बघायला लागली. "अगं, हे तर माझ्या चिठ्ठ्यांसारखंच झालं."

"दोन डब्यांत अर्ध्या अर्ध्या तासाची चाल आहे," शिक्केवाली म्हणाली. "तेवढ्यात शिक्का कोरडा ठाक होतो. डोंगरावर प्रत्येक डब्याशी नवी शाई लावावी लागते, सातही शिक्के सारखे काळे यायला हवेत. हे एका टेबलावर बसून मारलेत. एकामागून एक."

"पण वह्या तर डोंगरावर."

"वर्षातून एक आठवडा नसतात."

दरवर्षी ती सातही वह्या खाली आणते, सुटलेली पानं शिवून घ्यायला. शिवतं कोण? ज्याच्याकडे बारीक टोच्या आहे आणि ज्याचा हात थरथरत नाही तो. वह्या गेल्या महिन्याच्या शेवटी त्याच्या दुकानात होत्या, आणि दोन तारखेला तिने स्वतःच्या पाठीवरून त्या वर नेऊन ठेवल्या होत्या. बारा तारखेचा खोटा पुरावा दहा दिवस आधी तिनेच डोंगरावर पोचवला होता. शेवटचं पान उघडून पाहिलं नाही. का पाहील? घरच्या माणसाने शिवलेली वही होती ती.

"आणि म्हणून चौथा," ती म्हणाली. "बाकी सहांना पाय लागतात. चौथ्याला गाडी पुरते." मग तिने मान वर केली. "धाकटे, टाकीच्या रस्त्याने गाडी नेलीस कधी?"

बहिणीचा हात थांबला. "माझ्यावर संशय घेतेस?"

"विचारतेय."

"सोळाला नेली. घड्याळजींना सोडायला. म्हणाले, दुकानात बसून अंग आंबलंय, टाकीपाशी जरा हवा खातो. पाच मिनिटांत आले परत. मला वाटलं, एवढीशी हवा कशी पुरली."

६

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. घड्याळजी स्टुलावर, डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडं पडलेलं घड्याळ.

"चौथाच का, घड्याळजी?"

"कसला चौथा?" त्यांनी भिंग काढलं नाही.

"गुडघा कधीपासून गेलाय?"

चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी खण उघडला, एक डबी काढली आणि काचेवर ठेवली. आत घुबड होतं.

"दीड वर्ष झालं. घरचा जिनासुद्धा बसून उतरतो."

"मग तपासनीस कशाला झालात? नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं की विचारणार, का. आणि मग तुलाही कळणार." ते आता सरळ तिच्याकडे बघत होते. "दर रविवारी तू याच खिडकीसमोरून जातेस. बूट घालून, हात हलवत. काठीसुद्धा नाही. आणि मी इथे बसून लोकांच्या काट्यांना तेल घालतो. त्या सात जागा कोणी हुडकल्या? पुलाखालचा दगड कोणाला दिसला? वाट नोंदवताना समिती म्हणाली, नोंदवहीत एकच नाव बसतं. तू तुझं लिहिलंस. मी शेजारी उभा होतो. बावीस वर्षं लोक म्हणतात, शिक्केवालीची वाट. एकदा तरी म्हणालीस का, की जागा घड्याळजींनी शोधल्या?"

ती म्हणाली नव्हती. आठवून पाहिलं, एकदाही नाही.

"म्हणून नर्सला देऊन टाकलीत?"

"तुझ्याकडून गेली की झालं. कोणाकडे का जाईना."

"जळत होतात माझ्यावर."

"तू नाही जळत? त्या पोरीचं पान बघताना तुझं तोंड कसं होतं, ते आरशात बघ एकदा."

"जळते," शिक्केवाली म्हणाली. "रात्र रात्र जळते. पण मी कोणाचा डबा रिकामा केला नाही. आणि वह्या तुमच्याकडे शिवायला दिल्या होत्या, घड्याळजी. विश्वासाने."

तिने डबी उचलली. दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला, "समितीला सांगणार?"

"सांगणार. तुमचं नाव घेऊनच सांगणार. तुम्हाला तेच हवं होतं ना, कोणीतरी नाव घ्यावं?"

हे बोलल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

७

शनिवारी समितीच्या खोलीत लांब टेबल, टेबलामागे अध्यक्ष, चिटणीस आणि तिसरे एक सभासद, जे कायम मान हलवतात. समोर वीसेक माणसं, मागच्या रांगेत नर्स आणि धाकटी. घड्याळजींची खुर्ची रिकामी.

शिक्केवालीने सात वह्या ओळीने मांडल्या. एका शाईत पाच शिक्के कसे निघतात ते तिथेच मारून दाखवलं. नर्सची वही उघडली, पंधरा तारीख दाखवली. शेवटी डबी उघडून घुबड टेबलावर ठेवलं. सोळा तारखेच्या गाडीचं धाकटीने उठून सांगितलं, आणि "पेट्रोल माझंच गेलं" हेही सांगायला विसरली नाही. लोक हसले.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला. "झालं ते वाईट झालं. तपासनिसांनी आमची दिशाभूल केली, त्यांना आम्ही काढून टाकतो. वाट तुमच्याकडेच राहील. ठसाही मिळाला. तेव्हा विषय संपला असं समजू या. चहा घ्या."

तिसऱ्या सभासदाने मान हलवली.

"चहा नको," शिक्केवाली म्हणाली. "घड्याळजी खोटं बोलले, त्यांचं मी आणि ते बघून घेऊ. त्या वाटेला त्यांचं नाव द्यायचं की नाही, तेही मी ठरवीन, माझा राग उतरल्यावर. पण त्यांना डोंगर चढवत नव्हता. तुम्हा तिघांचं काय?"

"म्हणजे?"

"बाराला अहवाल आला. तेराला तुम्ही सह्या केल्यात. घुबड तेराला डब्यात होतं, चौदाला होतं, पंधराला होतं. चौथ्या डब्यापर्यंत गाडी जाते. तुमच्या तिघांच्या तीन गाड्या दारात उभ्या आहेत, आत्ता बाहेर बघून आले मी. टाकीपर्यंत वीस मिनिटं. उतरायचं, वीट सरकवायची, झाकण उघडायचं. बावीस वर्षांची माझी वाट काढून घ्यायच्या आधी तुमच्यातला एकजणही तेवढं करायला गेला नाही."

चिटणिसांनी कागद सारखे केले. "बाई, प्रत्येक वेळी समितीने स्वतः जाऊन पाहायचं म्हटलं तर..."

"प्रत्येक वेळी नाही विचारत. या वेळचं विचारतेय." तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर, टेबलाला टेकून बसली. "का नाही गेलात? एकेकाने सांगा. अध्यक्षांपासून सुरू करा."